सूर्य डावीकडे, चंद्र उजवीकडे

काका,

हा कागद तुमच्या हातात दिला असता तर तुम्ही तो आधी उलटा धरला असता. चष्मा कपाळावर सरकवून, मान तिरकी करून म्हणाला असता, "वसुधा, आता बघ. आता तुझी अक्षरं नीट उभी राहिली." मग मी कागद सरळ करून म्हटलं असतं, "आमची अक्षरं उभी राहत नाहीत हो काका. ती रेघेला लटकतात. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी." त्यावर तुमचं ठरलेलं, "ज्या लिपीला पाय नाहीत ती इतकी वर्षं चालली कशी?"

हा वाद आपण लायब्ररीच्या तळघरात, माझ्या स्वयंपाकघरात, तुमच्या गाडीत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये घातला. तो अर्धा टाकून तुम्ही गेलात. हे तुमच्या स्वभावाला धरून झालं नाही. हरताना उठून जायची तुमची सवय होती, पण या वेळी तुम्ही हरत नव्हता.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचता येणार नाही, पण वाचता येत नाही म्हणून तुम्ही एखाद्या गोष्टीवर मत दिलं नाहीत असं कधी झालेलं मला आठवत नाही.

बसले मात्र त्या वादासाठी नाही. गेल्या महिन्यात जेनी आली होती. तुमची जेनी. तुमच्या थडग्यावरच्या दगडाचा नमुना छापलेला एक मोठा कागद तिने माझ्या डायनिंग टेबलावर पसरला आणि म्हणाली, "वसुधा, बाबांचं नाव बरोबर आहे का बघशील? शुक्रवारपर्यंत हो म्हणायचंय. जमीन गोठायच्या आत दगड बसवायला हवा." काका, तुमचं नाव कायमचं ग्रॅनाइटमध्ये जायचं होतं, आणि ते बरोबर आहे की चूक हे सांगायची पाळी आली ती माझ्यावर. तुमच्या वर्गातल्या सगळ्यात वाईट विद्यार्थिनीवर. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? थांब, काकांनाच फोन करून विचारते.

त्या कागदाचं काय झालं ते सांगते. पण तुम्हाला माहीतच आहे, मला कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करता येत नाही.

मी तुमच्या वर्गात आले तीच मुळी चुकून. अमेरिकेत, बॉस्टनजवळ श्रूजबरीला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. माझा नवरा श्रीकांत सकाळी गाडी घेऊन ऑफिसला, मुलं पिवळ्या बसने शाळेत, आणि मी एच-फोर व्हिसा घेऊन घरात. म्हणजे राहायची परवानगी, कमवायची बंदी. चालत जाता येईल अशी एकच जागा होती, लायब्ररी. तिथल्या बोर्डावर लिहिलेलं, 'सील कार्व्हिंग, दर गुरुवारी, सर्वांना मोफत'. आता सील म्हणजे मला एकच माहीत होता. केप कॉडच्या ट्रिपमध्ये दुकानादुकानांत बघितलेला तो लाकडी, गुबगुबीत, मिशीवाला समुद्री प्राणी. म्हटलं, शिकावा. दिवाणखान्यात ठेवायला होईल. मी घरून सुरी घेऊन आले, बटाटे सोलायची.

"हे कशाला?" तुम्ही विचारलंत.

"सील कोरायला."

"कुठला सील?"

मी दोन्ही हातांनी मिशा काढून दाखवल्या.

वर्गातली सगळी मंडळी हसली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सुरी हातात घेतलीत, धार बघितलीत, परत दिलीत आणि गंभीरपणे म्हणालात, "तो प्राणी पुढच्या महिन्यात. आज आधी माणसाचं नाव." मग काडेपेटीएवढा एक मऊसर दगड माझ्या तळहातावर ठेवलात. तेव्हा मला कळलं की तुमच्याकडे सील म्हणजे शिक्का. दगडाच्या तळाला नाव उलटं कोरायचं, शेंदरासारख्या तांबड्या शाईत दाबायचं, कागदावर उमटवायचं. चित्र काढलं, पत्र लिहिलं, पुस्तक विकत घेतलं, की खाली आपला शिक्का. सही कुणीही गिरवील, तुम्ही म्हणायचा, पण दगड खोटं बोलत नाही.

तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. नोकरी केलीत ती पोटासाठी, आणि तिच्याबद्दल तुम्ही कधी दोन वाक्यं सलग बोलला नाहीत. रविवारी चिनी शाळेत मुलांना, गुरुवारी लायब्ररीत ज्याला कुणाला पाऊस-बर्फातून यावंसं वाटेल त्याला. आणि नम्रता तुमच्यात औषधालाही नव्हती. "या राज्यात माझ्याएवढं चांगलं कोरणारा दुसरा नाही," तुम्ही पहिल्याच दिवशी जाहीर केलंत. "एक आहे बॉस्टनला. पण त्याचा हात थरथरतो."

त्या दिवशी निघताना सवयीने माझ्या तोंडून गेलं, "थँक यू, काका."

"काका म्हणजे?"

"वडिलांचा भाऊ."

"मोठा की धाकटा?"

"कुठलाही."

"कुठलाही?" तुम्ही हातातली छिन्नी खाली ठेवलीत. "तुमच्या घरात आधी कोण जन्मलं हे कुणाला माहीत नसतं?"

मग तुमच्या भाषेत मोठा तो बोबो आणि धाकटा तो शूशू, हे तुम्ही मला समजावलंत. माझ्या वडिलांचं वय विचारलंत, हिशेब केलात आणि निकाल दिलात. "मी धाकटा. तू मला शूशू म्हण."

"काका, वाटलं तर पाया पडते. पण चारचौघांत मी तुम्हाला शूशू म्हणणार नाही."

कारण सांगावं लागलं. आमच्याकडे तो शब्द लहान मुलं कधी आणि कशासाठी वापरतात ते मी जमेल तितक्या सभ्य इंग्रजीत सांगितलं. दुसरा कुणी ओशाळला असता. तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत आणि विचारलंत, "किती वयापर्यंतची मुलं?"

हे तुमचं असं होतं. राग, गर्व, टोमणे सगळं वरचं. आत सतत एक प्रश्न विचारणारा माणूस बसलेला. तुमच्याकडे मावशीला 'आयी' म्हणतात, आणि घरकामाला येणाऱ्या बाईलाही 'आयी'च म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, आमच्याकडेही दोघी मावशीच!" तुम्ही इतके खूश झालात की वर्ग संपला तरी दिवे बंद करायला विसरलात. दोन देशांनी एकमेकांना न विचारता बाईला एकाच नात्यात कसं काय बसवलं, हा प्रश्न तुम्ही मला नंतर कितीतरी गुरुवार विचारत होता. मला अजून उत्तर मिळालेलं नाही. फक्त तुमच्या चहावरच्या टोमण्याचं उत्तर तेवढं माझ्याकडे तयार असायचं. "शब्द आमचा घेतलात," तुम्ही म्हणायचा, "आणि दूध घालून उकळून मारलात." "मारला नाही, काका. जिवंत केला." तुम्ही तो मारलेला चहा दोन कप प्यायचा.

लोकांना चिनी नावं द्यायचं तुमचं काम तर अख्ख्या गावाला माहीत होतं. नुसतं उच्चारावरून नाव बनवणं तुम्हाला मान्य नव्हतं. तुम्ही माणसाला समोर बसवून चौकशी करायचा. खिडकीतून कुठलं झाड दिसतं? लहानपणी मार कशासाठी खाल्ला? कुणावर चिडतोस? मग डोळे मिटायचा आणि नाव सांगायचा. मंडळाच्या गणपतीत मी तुम्हाला बोलावलं तेव्हा हायस्कूलच्या कॅफेटेरियात तुमच्या टेबलासमोर जी रांग लागली, ती मसालेभाताच्या रांगेपेक्षा मोठी होती. आमच्या एक काकू लाडात येऊन म्हणाल्या, "मला लक्ष्मीच्या अर्थाचं काहीतरी द्या हं."

"पैसा हवा की समाधान?" तुम्ही विचारलंत. "एका दगडात दोन्ही बसत नाही."

"मग पैसाच द्या," काकू म्हणाल्या. "समाधान मी बघून घेईन."

तुम्ही त्यांना उठून नमस्कार केलात.

टपाल टाकणाऱ्या माणसाला नाव मिळालं, प्लंबरला मिळालं, लायब्ररीतल्या रखवालदाराला मिळालं. मला नाही. दर वेळी मी आठवण करायची आणि दर वेळी तुमचं एकच. "तुला नको."

"अहो, पण का?"

"त्यांना हौस आहे. तुला लिपी आहे. तिच्यावर मुखवटा कशाला? तुझं नाव तुझ्या अक्षरांत लिहून दे. मी कोरतो."

मी एका कागदावर सुरेख वळणदार अक्षरात 'वसुधा' लिहून दिलं. तुम्ही अर्थ विचारलात. मी म्हटलं, पृथ्वी.

पुढच्या गुरुवारी तुम्ही माझ्या हातात दगड ठेवलात. त्याच्या डाव्या अंगाला बारीक अक्षरांत तुमचं नाव कोरलेलं होतं. तिथे अंगठा ठेवायचा म्हणजे न बघता वरची बाजू वर राहते, हे तुम्ही शिकवलेलंच होतं. मी अंगठा ठेवला, शिक्का मारला आणि बघतच राहिले. रेघ खाली, आणि तिच्यावर माझी तिन्ही अक्षरं डोक्यावर उभी. शीर्षासन घातल्यासारखी.

"काका, हे उलटं झालं."

"उलटं तू लिहिलं होतंस," तुम्ही म्हणालात. "नाव पृथ्वी, आणि पृथ्वी वर? पृथ्वी खाली असते. ही रेघ म्हणजे जमीन. मी अक्षरं जमिनीवर ठेवली."

"आणि हे काय? इथे रेघ जोडलीत तुम्ही."

"तिथे तुझं पेन उडालं होतं. मी दुरुस्त केलं."

"पेन उडालं नव्हतं हो! ध वरची ती जागा मोकळीच ठेवायची असते. ती भरली की ध चा घ होतो. हे आता वसुघा झालं." आणि पुढे, राग आला की मी इतिहासात शिरते तशी शिरले. "आमच्याकडे एकदा कुणीतरी ध चा मा केला तर खून पडला होता. ठाऊक आहे?"

तुम्ही विचार केलात. "घ केल्यावर किती गेले?"

"अजून कुणी नाही."

"मग असू दे."

तोंडाने तसं म्हटलंत, पण तुम्ही लगेच दगड घासून नवं कोरायला निघाला होता. मीच दिला नाही. जगात वसुधा शेकड्यांनी असतील. वसुघा मी एकटी. श्रीकांत मला तेव्हापासून 'घा' म्हणतो. लाडात आला की 'घाबाई'.

दगड घासण्यावरून आठवलं. कोरलेलं मनासारखं झालं नाही की तळ पॉलिश पेपरवर घासायचा, कोरा करायचा, पुन्हा कोरायचं. तुम्हाला कशाचीच माया नव्हती. स्वतःचे सुंदर सुंदर शिक्के तुम्ही नव्या विद्यार्थ्याला दगड हवा म्हणून सपाट करून टाकायचा. आणि माझ्या हाताला छिन्नी वळत नाही हे कळल्यावर तुम्ही मला कायमची घासणारी नेमलीत. "भांडी घासतेस ना घरी?" "घरी डिशवॉशर आहे." "म्हणूनच तुझा हात बिघडला." मग मी दर गुरुवारी सगळ्यांचे दगड घासायची, आणि तुमचे शिक्के जुन्या टूथब्रशने स्वच्छ करायची. त्यामुळे झालं काय, वर्गातली नावं इतरांनी कागदावर वाचली. मी ती दगडावर बघितली, म्हणजे कायम उलटी.

तुमचं नाव तर मला पाठच झालं. तिएन मिंग. तिएन म्हणजे शेत, चौकोनात अधिकचं चिन्ह. "माझं आडनाव दोन्हीकडून सारखंच वाचता येतं," तुम्ही छाती काढून म्हणायचा, "सरळ माणसांचं घराणं." आणि मिंग म्हणजे उजेड. एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र, शेजारी शेजारी.

ते अक्षर मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, हे तर आमच्याकडेही आहे. वाईजवळ माझ्या माहेरच्या गावात देवळाबाहेर जुने दगड उभे आहेत. कुणी लढाईत पडला त्याचे, कुणाला जमीन दिली त्याचे. सगळ्यात वर सूर्य आणि चंद्र कोरलेले. म्हणजे हे दोघं आकाशात आहेत तोवर या दगडावरचं टिकू दे.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. मग म्हणालात, "सूर्य कुठल्या बाजूला?"

मला आठवेना. लहानपणापासून त्या दगडांवर चढून चिंचा खाल्ल्या, पण सूर्य कुठल्या बाजूला हे बघितलं होतं कुणी? उन्हाळ्यात भारतात गेले तेव्हा मुद्दाम देवळाशी गेले. आल्यावर तुम्ही दारातच विचारलंत, कशी आहेस वगैरे काही नाही. मी सांगितलं, "एकावर डावीकडे, एकावर उजवीकडे."

"शक्य नाही."

"डोळ्यांनी बघून आले, काका."

तुम्ही अस्वस्थ. दोन आठवड्यांनी, गाडी सिग्नलला उभी असताना एकदम म्हणालात, "कळलं. त्या दोघांतला एक शिक्के कोरणारा असणार. सवयीने उलटं कोरून गेला."

तुमचा तो विनोद आठवतो? दर नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी तुम्ही खिशातून एक कापडी पिशवी काढायचा, तिच्यातून हिरवट रंगाचा लहानसा दगड. "एक मुलगी होती," तुम्ही सुरू करायचा. "दुसरी-तिसरीत. फार हुशार, कुणाचं ऐकायची नाही. मी म्हटलं उलटं कोर. ती म्हणाली, माझं नाव मी उलटं का लिहू? सुलट कोरलं. शिक्का मारला. नाव उलटं! आता ती जगात कुठेही गेली तरी उलटीच उमटणार." वर्ग हसायचा. मीही हसायची. एकदा मी विचारलं, "कोण हो ही?" तुम्ही म्हणालात, "होती एक." आणि एकदा मी तो दगड इतर दगडांबरोबर घासायला घेतला, तर तुम्ही माझ्या हातातून ओढूनच घेतलात. "हा नाही." तेवढंच. मला त्याचं नवल वाटलं होतं. इतके चांगले शिक्के सपाट करणारा माणूस एवढा चुकलेला दगड जपून ठेवतो?

आता टेबलावरच्या त्या कागदाकडे येते.

जेनीला मी आधी विचारलं, "अगं, पण माझ्याकडे का? तुमच्या चिनी शाळेतले कुणीही एका मिनिटात सांगतील."

ती खुर्चीत बसली. तुमच्यासारखीच बसते, पाठ ताठ ठेवून. "त्यांना कसं विचारू?" ती म्हणाली. "तिएन मास्तरांनी अख्ख्या गावाला शिकवलं आणि त्यांच्या मुलीला बापाचं नावही वाचता येत नाही, असं म्हणतील. म्हणणार नाहीत, पण बघतील तसं. त्या नावातलं मला फक्त शेत ओळखता येतं, आणि ते काय, कसंही धरलं तरी शेतच. वसुधा, चुकीचं नाव लागलं तर ते मी लावलेलं असेल. लोक येऊन बघतील, आणि मला कळणारसुद्धा नाही."

तुम्ही हे ऐकायला हवं होतंत, काका. की नको?

दगडवाल्यांना तिने तुमचा शिक्काच नेऊन दिला होता, बाबांनी स्वतः कोरलेलं नाव तसंच्या तसं यावं म्हणून. आणि खाली डाव्या कोपऱ्यात दगड लावणाऱ्या मुलीचं नाव असतं, तुमच्यात तशी रीत आहे, म्हणून आणखी एक शिक्का दिला होता. त्यांनी फोटो काढून नमुना छापला होता.

मी चष्मा लावला, बघितलं आणि लगेच म्हटलं, "बरोबर आहे. हेच काकांचं नाव."

जेनीने केवढा तरी श्वास सोडला. पर्समधून पेन काढलं. मी चहाचं आधण बघायला उठले. आणि साखर घालता घालता माझा हात थांबला. मला हे इतक्या पटकन कसं वाचता आलं?

कारण, काका, कागदावर तुमचं नाव दिसलं की मी दर वेळी अडखळते. क्षणभर परकं वाटतं, मग लागतं. हे मात्र जुन्या ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं तसं भेटलं होतं. फ्रिजवर मॅग्नेटखाली तुमच्या वर्गाचा एक कागद अजून आहे, कोपऱ्यात तुमचा तांबडा शिक्का मारलेला. त्याच्यात बघितलं. शेत. मग सूर्य डावीकडे, चंद्र उजवीकडे. टेबलावरच्या कागदावर चंद्र डावीकडे होता.

"जेनी, थांब! सही करू नकोस. चूक आहे."

"पण तू आत्ता म्हणालीस बरोबर आहे!"

"मला बरोबर वाटलं ना, म्हणूनच चूक आहे."

"व्हॉट?"

तिला टूथब्रशपासून सगळं सांगावं लागलं. दगडवाल्यांनी शिक्क्याचा ठसा घ्यायचा सोडून शिक्क्याच्या तोंडाचाच फोटो काढला होता. तोंड स्वच्छ दिसलं असेल त्यांना, मीच तर घासून ठेवलेलं. तुमचं नाव आरशातलं जाणार होतं दगडावर. शिक्क्यांच्या माणसाला शेवटी शिक्का करून टाकलं असतं त्यांनी. मी कागद उचलून खिडकीशी धरला, मागून उजेड आला, आणि सूर्य आपल्या जागी गेला. "असं हवं," मी म्हटलं. "त्यांना सांग, सगळंच पालटा. तुझं नावही."

जेनी उठून खिडकीशी आली. तिने कागद माझ्या हातातून घेऊन परत टेबलावर पसरला, होता तसा. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं.

"झाड," ती म्हणाली.

"काय?"

"मेई. माझं चिनी नाव. बर्फात फुलतं ते फूल. एवढंच आठवतं मला की त्या अक्षरात झाड आधी, मग बाकीचं. बाबा ओरडायचे, झाड आधी! झाड आधी!" तिचं बोट अक्षराच्या डाव्या बाजूला होतं. "झाड आधीच आहे, वसुधा. माझं बरोबर आहे."

शिक्क्याच्या तोंडाचा फोटो, आणि तरी नाव सुलट. म्हणजे दगडावर ते सुलटच कोरलेलं असणार. तिने पर्समधून दगडवाल्यांकडून परत आणलेली कापडी पिशवी काढली. आतला दगड बघायची मला गरज नव्हती.

"ती मुलगी तू?"

"तुलाही सांगितला त्यांनी तो जोक?"

"दर वर्गाला."

"आय नो. मी एकदा मागे बसले होते. सगळे हसत होते." ती तुमच्यासारखीच, खाली न बघता बोलत होती. "पहिल्यांदा हसले तेव्हा मी लहान होते. त्यानंतर मी छिन्नीला हात लावला नाही. चिनी शाळाही सोडली. ते म्हणाले, हट्टी आहेस. मी म्हटलं, येस."

मग मी तिला माझ्याकडे होतं ते सांगितलं, काका. फार काही नव्हतं. तुम्ही सगळे दगड सपाट करायचा, स्वतःचेही. हा एक माझ्या हातातून ओढून घेतलात. आणि तो डेस्कच्या खणात नाही, खिशात असायचा.

ती कितीतरी वेळ त्या दगडावरून अंगठा फिरवत राहिली. चहा उतू गेला. मग अचानक तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोकळं. "वसुधा, बघ ना. त्यांचं उलटं आलं. आणि माझं सुलट!" मलाही हसू आवरेना. शेगडी पुसता पुसता मी हसत होते, आणि मधेच कधीतरी ती हसत नाहीये हे लक्षात आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने डोळे पुसू दिले नाहीत, स्वतःच पुसले.

मला विचारायचंय, काका, खरंच माहीत नाही म्हणून विचारते. तुम्ही तो विनोद दर वर्षी का सांगत होता? ती ऐकेल म्हणून? ती येऊन भांडेल म्हणून? तुम्हाला माफी मागता येत नव्हती हे मी जाणते, मी वसुघा आहे. पण तो दगड एकदा तिच्या हातात का नाही दिलात? सूर्य कुठल्या बाजूला हे विचारायला तुम्हाला दारातसुद्धा दम निघत नव्हता. हा एक प्रश्न घरात पडून राहिला, तो तुम्ही कसा नाही विचारलात?

तिने दगडवाल्यांना कळवलं. वरचं पालटा. खालचं आहे तसं ठेवा. फोनवरचा माणूस म्हणाला म्हणे, "मॅडम, नक्की ना? एक पालटायचं आणि एक नाही?" जेनी म्हणाली, "नक्की. आमच्या घरात तसंच आहे."

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही सगळे तळघरात जमलो, ज्याचे त्याचे दगड परत करायला. लायब्ररीने वर्गाचं काय करायचं विचारलंय. मी म्हटलं, मला फक्त घासता येतं. सगळे दगड वाटून झाले, तेव्हा मागून जेनी पुढे आली. तिने पिशवीतून तो हिरवा दगड काढला आणि म्हणाली, "एक मुलगी होती. फार हुशार, कुणाचं ऐकायची नाही." जुन्या लोकांना वाटलं, हा तर माहितीतला विनोद. पण ती थांबली नाही, पुढे दगडवाल्यांपर्यंत गेली. राग मानू नका, काका, पण तिने तुमच्यापेक्षा बरा सांगितला. शेवट तिचा होता ना.

दगड मागच्या आठवड्यात बसला. पानं सगळी गळून गेली आहेत, जमीन अजून गोठलेली नाही. आम्ही दोघी गेलो होतो. जेनीने हातमोजा काढून बोटाने वाचलं. शेत. सूर्य डावीकडे. चंद्र उजवीकडे. मग खाली वाकून स्वतःचं. "झाड आधी," ती हळूच म्हणाली, आणि तुमच्याकडे बघायची तशी दगडाकडे बघत उभी राहिली, आता बोला म्हणून.

मी मागे उभी होते. ग्रॅनाइट संपतो तिथे गवत सुरू होतं, सरळ एका रेघेत. तुमचं नाव त्या रेघेवर उभं आहे, काका, पाय रोवून. खाली जमीन, म्हणजे मीच की. आपला वाद मी सोडलेला नाही, आमची अक्षरं लटकतात ती लटकतातच. पण या एका दगडापुरती रेघ खाली, हे मी मान्य करते.

तुमची,
वसुघा